तिकिटाआधी छत पाहावं

गिरगावातल्या रॉयल ऑपेरा हाऊसविषयी जे लिहिलं जातं, ते बहुधा त्याच्या बरोक थाटाच्या दर्शनी भागाविषयी आणि आतल्या झुंबरांविषयी. ते कौतुक योग्यच आहे. पण नाट्यगृह ही बसून अनुभवायची वास्तू असते. ती किती कळेल, हे आपण कुठे बसलो यावर ठरतं. जुन्या नाट्यगृहात प्रत्येक खुर्चीमागे बांधणाऱ्याचा काही विचार असतो: इथून काय दिसावं, इथवर काय ऐकू यावं, इथे कोणी बसावं. तो विचार ओळखता आला की चांगली जागा निवडणं हेच त्या वास्तूचं रसग्रहण होतं.

या वास्तूची कल्पना १९०८ची. कोळशाच्या व्यवसायातले पारशी गृहस्थ जहांगीर फ्रामजी कराका आणि कलकत्त्यात नाटकमंडळ्यांचा व्यवसाय करणारा मॉरिस बँडमन या दोघांनी ती मनावर घेतली. १९११ साली काम पुरं होण्याआधीच पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढे इथे नाटकं झाली आणि १९३०च्या दशकात सिनेमागृहही झालं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर यांनी हा रंगमंच वापरला. १९५२ साली वास्तू गोंडल संस्थानच्या महाराजांकडे आली, १९९३मध्ये बंद पडली आणि आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०१६मध्ये पुन्हा उघडली. आज तिथे सुमारे पावणेसहाशे खुर्च्या आहेत.

या इतिहासातली एक गोष्ट जागा निवडताना सतत ध्यानात ठेवावी लागते. १९११ साली नाट्यगृहात ध्वनिक्षेपक नव्हता. गाणाऱ्याचा गळा आणि शेवटच्या रांगेतला कान यांच्यामध्ये फक्त हवा, भिंती आणि छत. म्हणजे आवाज पोहोचवण्याचं काम वास्तूलाच करायचं होतं. त्यामुळे अशा नाट्यगृहात शिरल्यावर आधी रंगमंचाकडे नव्हे, छताकडे पाहावं.

प्रेक्षकानं किती लांब बसावं, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यमंडपाचा. माणसांसाठी त्यानं मध्यम आकाराचा मंडप योग्य मानला: ६४ हात लांब, ३२ हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर सुमारे ९६ फूट बाय ४८ फूट. त्यातला निम्मा भाग प्रेक्षकांचा. म्हणजे शेवटचा रसिक रंगपीठाच्या कडेपासून ४८ फुटांच्या आसपास. याहून मोठा मंडप नको, याची कारणंही त्यानं दिली आहेत. मंडप फार मोठा झाला तर उच्चार बेसूर होतो आणि चेहऱ्यावरचे भाव स्पष्ट दिसत नाहीत. बैठक पायऱ्यापायऱ्यांची असावी, मंडप पर्वतातल्या गुहेसारखा असावा, खिडक्या बारीक असाव्यात, वारा आत येऊ नये, म्हणजे आवाजाला गांभीर्य येतं, असंही तो सांगतो.

युरोपातल्या स्थापत्याच्या पाठ्यपुस्तकांत नाटकासाठी शेवटच्या रांगेचं अंतर २४ मीटरपर्यंत आणि ऑपेरासाठी ३२ मीटरपर्यंत चालतं असा दंडक आढळतो. भरताचं अंतर यापेक्षा बरंच कमी आहे, आणि ते का, हे त्याच्याच ग्रंथातून उलगडतं. त्यानं नुसत्या दृष्टींचे ३६ प्रकार सांगितले आहेत. ज्या अभिनयात बुबुळाची हालचालही अर्थ सांगते, त्याला ८० फुटांवरचा प्रेक्षक परवडणार नाही. ऑपेराला तो परवडतो, कारण तिथे भाव मुख्यतः गळ्यातून येतो. म्हणजे अंतर ठरवते ती कला. खुर्ची निवडण्याआधी त्या संध्याकाळी आपण काय पाहणार आहोत, याचं उत्तर स्वतःला द्यायला हवं. चेहरा, चित्र आणि आवाज यांपैकी आज आपल्याला प्रामुख्यानं काय हवं आहे? कुठल्याही एका खुर्चीवर ही तिन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत.

चेहरा हवा असेल तर पुढच्या रांगा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पन्नासहून अधिक व्यक्तिरेखा एकट्यानं उभ्या करत. एका माणसातून दुसरा माणूस निघतो तो क्षण भुवईत आणि ओठांच्या कोपऱ्यात असतो, आणि तो पाचव्या रांगेपर्यंत जितका भिडतो तितका विसाव्या रांगेत भिडत नाही. दोन-तीन पात्रांच्या, बैठकीच्या खोलीत घडणाऱ्या नाटकांचंही तसंच. मात्र अगदी पहिली रांग बहुतेक जुन्या नाट्यगृहांत फसवी असते. रंगमंच उंच, त्यामुळे मान वर करून पाहावं लागतं. पात्रं मागे गेली की त्यांची पावलं दिसेनाशी होतात आणि नृत्याचा निम्मा आनंद तिथेच हरवतो. संगीत नाटकात आणखी एक अडचण. साथीचा ऑर्गन आणि तबला प्रेक्षकांच्या सर्वांत जवळ. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा असत. त्यांचा हात इतक्या जवळून ऐकायला मिळणं हे भाग्यच, पण गाणं आणि साथ यांचा तोल तिथे साथीकडे झुकतो. त्या दोघांचा मेळ व्हायला थोडं अंतर लागतं. म्हणून पुढे बसायचंच असेल तर चौथ्या रांगेपासून आठव्या रांगेपर्यंतचा मधला भाग धरावा. मराठी नाटकाचे जुने प्रेक्षक तिकीटबारीवर प्लॅन पाहताना नेमका तिथेच बोट ठेवतात, ते उगीच नाही.

चित्र हवं असेल तर मध्यरेषा महत्त्वाची. सोळाव्या-सतराव्या शतकांत इटलीच्या दरबारी नाट्यगृहांत रंगवलेल्या देखाव्यांना खोली देण्याचं शास्त्र विकसित झालं. रस्ते, महाल, खांबांच्या ओळी दूरवर एका बिंदूत मिळताहेत असं रंगवायचं. पण हा भास एकाच ठिकाणाहून पुरा साधतो. ते ठिकाण बरोबर मध्यावर, काही अंतर राखून, आणि तिथे राजा किंवा सरदार बसे. इतरांना त्याच चित्राचे खांब थोडे कललेले दिसत. विचेंझा गावातल्या तेआत्रो ओलिंपिको या नाट्यगृहात १५८५ साली पहिला प्रयोग झाला. तिथे स्कामोत्सीनं कमानींमागे लाकूड आणि गिलाव्याचे उतरते रस्ते बांधले, आणि प्रेक्षागृहात कुठेही बसलं तरी निदान एका रस्त्याच्या आत नजर जावी अशी त्यांची दिशा ठेवली. एका राजाच्या डोळ्यासाठी केलेली विद्या अनेकांच्या डोळ्यांना वाटून देण्याचा हा प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो.

मराठी रंगभूमीलाही रंगीत पडद्यांचा मोठा वारसा आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे संगीत नाटकांसाठी पडदे रंगवत, तेव्हा महाल, रस्ते, उद्यानं यांची खोली याच विद्येनं साधलेली असे. अशा पडद्यासमोर कडेच्या खुर्चीत बसलं की महाल तिरका होतो. तीन भिंतींच्या दिवाणखान्यातही कडेची खुर्ची काहीतरी हिरावून घेते. अगदी डावीकडे बसलेल्याला रंगमंचाचा डावा मागचा कोपरा दिसत नाही आणि उजव्या विंगेत प्रवेशाची वाट पाहणारा नट मात्र दिसतो. म्हणून पुढची पण कडेची खुर्ची आणि चार रांगा मागची पण मधली खुर्ची यांत निवड करायची वेळ आली, तर बहुतेक नाटकांना मी मधली घेईन.

आता बॉक्स. रंगमंचाच्या अगदी लगत, उंचावर, वेगळ्या दाराच्या या जागा जुन्या युरोपीय धर्तीच्या नाट्यगृहांत सर्वांत मानाच्या. पण तिथून रंगमंच अर्धामुर्धाच दिसतो. पूर्ण दिसतो तो समोरचा बॉक्स आणि खाली बसलेला सगळा समाज. म्हणजे ही जागा पाहण्यापेक्षा दिसण्यासाठी केलेली आहे, आणि त्या काळाच्या समाजरचनेचा तो चोख पुरावा आहे. १८७६ साली बायरॉइटला वॅग्नरनं आपलं नाट्यगृह उभारलं, तेव्हा बाजूचे बॉक्स काढून टाकले, सगळ्या खुर्च्या पंख्याच्या आकारात रंगमंचाकडे वळवल्या आणि वाद्यवृंद रंगमंचाखाली दृष्टिआड नेला. प्रेक्षकानं एकमेकांकडे नव्हे, नाटकाकडेच पाहावं असा त्याचा आग्रह होता. पुढे सिनेमा आला तेव्हा बाजूच्या बॉक्सना कामच उरलं नाही, कारण सपाट पडदा बाजूनं पाहता येत नाही. बॉक्सचा आजच्या रसिकाला एक मात्र खरा उपयोग आहे. तिथून वादकांचे हात दिसतात. संगीताच्या मैफलीत पेटीवाल्याची बोटं आणि गवयाचा चेहरा यांच्यातली देवाणघेवाण ज्याला पाहायची आहे, त्यानं एकदा तिथे बसावंच.

सर्वांत फसवी जागा कुठली? स्टॉलच्या शेवटच्या रांगा, बाल्कनीखालच्या. प्लॅनवर त्या मधोमध दिसतात, अंतरही फार वाटत नाही. पण कागदावर उंची उमटत नाही. गाणाऱ्याचा आवाज आपल्याकडे दोन वाटांनी येतो. एक सरळ आणि दुसरी छतावरून, भिंतींवरून परतून. सरळ येणारा आवाज पुढच्या डोक्यांना आणि खुर्च्यांच्या पाठींना घासत येतो, आणि त्या वाटेत त्याचे खालचे सूर बरेच झिजतात. ती झीज भरून काढतो तो छतावरून उतरणारा आवाज. बाल्कनी डोक्यावर खोलवर आली असेल तर ती दुसरी वाटच बंद होते. मग गाणं ऐकू येतं, पण त्यातला भरदारपणा जातो. याची पारख सोपी आहे. खुर्चीत बसून मान वर करावी. रंगमंचाच्या कमानीचा वरचा काठ आणि प्रेक्षागृहाचं मुख्य छत दिसलं तर जागा चांगली. बाल्कनीचा तळच दिसला तर दोन-चार रांगा पुढे सरकावं.

फार जुन्या नाट्यगृहांत खांबांचाही विचार करावा लागतो. ज्या काळी बाल्कनी ओतीव लोखंडाच्या खांबांवर पेलत, त्या काळी काही खुर्च्यांपुढे खांब येणं अटळ होतं. १८९१ साली उघडलेल्या लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये पोलादी तुळयांनी बाल्कन्या मागच्या बाजूनं पेलल्या आणि प्रेक्षकांपुढचे खांब गेले. त्या बदलानं मागच्या प्रेक्षकाला जे मिळालं ते साधं नव्हतं. पूर्ण रंगमंच हा पहिल्यांदा त्याच्याही हक्काचा झाला.

बाल्कनीची पहिली रांग ही माझ्या मते जुन्या नाट्यगृहातली सर्वांत समतोल जागा. समोर कोणाचं डोकं नाही, म्हणून सरळ आवाजाची वाट मोकळी. वर छत उघडं, म्हणून परतणारा आवाजही मिळतो. उंची इतकीच की रंगमंचाची जमीन दिसावी. ही जमीन दिसणं किती मोठी गोष्ट आहे, हे ‘घाशीराम कोतवाल’सारख्या नाटकात कळतं. विजय तेंडुलकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १९७२ साली पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. ओळीनं उभ्या ब्राह्मणांची मानवी भिंत डोलते, वळते, फुटते, काही लपवते, काही उघड करते, आणि नाटकाचा अर्थ त्या हालचालीत आहे. पुढून पाहणाऱ्याला माणसं दिसतात. थोड्या उंचीवरून पाहणाऱ्याला त्या माणसांची झालेली भिंत दिसते, ती कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते तेही दिसतं. अशा नाटकाला बाल्कनीत बसणं ही तडजोड नाही, ती अर्थाजवळची जागा आहे. काळजी एवढीच घ्यावी की कठडा फार उंच नसावा. टेकून बसल्यावर रंगमंचाची पुढची कड दिसते की नाही, हे पाहून घ्यावं.

आणि सर्वांत वर, सर्वांत स्वस्त, गॅलरी. रॉयल ऑपेरा हाऊसची महती मला इथे वाटते. त्याचं छत असं घडवलं गेलं की गॅलरीत बसलेल्यालाही प्रत्येक शब्द आणि सूर स्वच्छ ऐकू जावा. वास्तू उभी करणाऱ्यांनी झुंबरांइतकीच काळजी या गोष्टीची घेतली. छत हे काम कसं करतं? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. छतावरून परतलेला आवाज सरळ आवाजाच्या मागून सेकंदाच्या विसाव्या भागात पोहोचला, म्हणजे त्याची वाट सुमारे १७ मीटरहून अधिक लांबली नाही, तर कान तो वेगळा ओळखत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि शब्द ठाशीव होतो. त्याहून उशिरा आला की शब्दावर शब्द चढतो. गॅलरीतला प्रेक्षक छताच्या जवळ असतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत येणाऱ्या दोन वाटांत फरक थोडाच राहतो. म्हणून दिसायला सर्वांत लांब असलेली जागा ऐकायला पुष्कळदा जवळची ठरते. घुमटाच्या बरोबर मध्याखाली मात्र जपून बसावं. खोलगट पृष्ठभाग आवाज एका ठिकाणी गोळा करतो आणि तिथे सूर कधी अनपेक्षितपणे मोठा, कधी दुहेरी वाटतो.

संगीत रंगभूमीचा इतिहास या वरच्या आणि मागच्या जागांशिवाय सांगताच येणार नाही. पद संपताच ‘वन्स मोअर’ उठायचा तो केवळ पुढच्या खुर्च्यांतून नव्हे, मागच्या पिटातूनही आणि गॅलरीतूनही. ज्याला हरकत ऐकूच आली नाही, तो ती पुन्हा कशाला मागेल? बालगंधर्वांच्या गाण्यातलं मार्दव किंवा दीनानाथांची विजेसारखी तान तिथवर पोहोचत होती, म्हणून मागणी येत होती. प्रत्येक ‘वन्स मोअर’ ही गायकाला दाद होती, तशीच ती नाट्यगृह बांधणाऱ्यालाही होती. गॅलरीतून नटाचा चेहरा नीट दिसत नाही आणि कोन इतका उभा असतो की कपाळच अधिक दिसतं, हे खरं. पण ज्या संध्याकाळी गाणं हेच नाटक आहे, त्या संध्याकाळी मी आनंदानं वर जाईन.

एकच खुर्ची दोन दिवस सारखी ऐकत नाही, हेही लक्षात ठेवावं. मखमल, गालिचे आणि माणसं आवाज शोषतात. रिकाम्या प्रेक्षागृहात जो सूर रेंगाळतो, तो हाऊसफुल्लच्या दिवशी लवकर विरतो. शब्दप्रधान नाटकाला हे बरंच आहे, कारण संवाद सुटे ऐकू येतात. गाण्याला मात्र थोडी गुंज हवी असते. म्हणून गर्दीच्या दिवशी संगीत नाटकाला स्टॉलच्या मागच्या रांगांत बसण्यापेक्षा वर बसावं, आणि गर्दी कमी असलेल्या दिवशी संवादांच्या नाटकाला पुढे सरकावं.

आज बहुतेक प्रयोग ध्वनिक्षेपकावर होतात, आणि तेव्हा हे सगळं गणित बदलतं. आवाज गळ्यातून न येता दोन बाजूंच्या पेट्यांतून येतो. त्या पेट्यांजवळची खुर्ची कानठळ्या बसवते, आणि नट डावीकडे असला तरी त्याचा आवाज उजवीकडून येतो. अशा वेळी मध्यरेषेला धरून बसणं हाच उपाय. पण ज्या वास्तूनं आवाज पोहोचवण्याची जबाबदारी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःच्या छतावर घेतली, तिथे निदान काही प्रयोग उघड्या गळ्याचे व्हावेत, असं मला मनापासून वाटतं. ऑपेराची गायकी मुळात ध्वनिक्षेपकाशिवायची, आपलं जुनं नाट्यसंगीतही तसंच. अशा प्रयोगात श्रोता पुढे झुकून ऐकतो, कुजबुज थांबते, आणि नट आणि प्रेक्षक यांच्यामधली हवासुद्धा नाटकाचा भाग होते.

हा प्रश्न केवळ एका वास्तूपुरता नाही. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी उभारलं, १९१५ साली ते पॅलेस थिएटर म्हणून पूर्ण झालं. प्रेक्षागृहात नजरेआड येणारा खांब नाही, अशी त्याची ख्याती होती. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत होरपळलं. अशी वास्तू पुन्हा उभी करताना भिंती आणि कमानी जुन्यासारख्या करणं हे अर्धं काम. बिनध्वनिक्षेपकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणं हे उरलेलं अर्धं, आणि अधिक मोलाचं. नवी नाट्यगृहं बांधणाऱ्यांनीही उद्घाटनाआधी एका नटाला रंगमंचावर उभं करून स्वतः सर्वांत मागे, सर्वांत वर जाऊन बसावं. तिथे त्याचं साधं वाक्य ऐकू आलं तर बाकीची सजावट शोभेल.

जुन्या नाट्यगृहात सर्वांत चांगली खुर्ची कुठली, याचं एकच उत्तर देता येत नाही, आणि ते तसं देता येत नाही हीच त्याची श्रीमंती आहे. चेहऱ्याच्या नाटकाला पुढचा मध्य, चित्राच्या नाटकाला बाल्कनीची पहिली रांग, गाण्याच्या नाटकाला छताजवळची जागा. पण नाट्यगृह चांगलं की वाईट, याचं उत्तर मात्र एकच आहे, आणि ते सर्वांत स्वस्त खुर्चीत बसून मिळतं. तिथे बसलेल्या माणसाचा विचार ज्यानं केला, त्यानंच खरं नाट्यगृह बांधलं.